धोंडू, तू सांगितलेलं मी लिहिलं नाही

धोंडू, तुझ्या दहाव्याला मी आलो नाही. निघालो होतो. केजहून सकाळीच छकडा जोडायला लावला, डोक्याला पटका बांधला, तुझ्या घरी द्यायला तांदूळ आणि गुळाची ढेप बरोबर घेतली. सडक उंबरदऱ्यात शिरते तिथवर आलो आणि गाडीवानाला म्हणालो, "मागं फिरव."

तो म्हणाला, "कावून आप्पा, काई ऱ्हायलं का?"

"हो, राहिलं."

केजला परतल्यावर मात्र ज्यानं विचारलं त्याला ताप आल्याचं सांगितलं. कपाळाला सुंठ उगाळून लावली आणि दोन दिवस घरात पडून राहिलो. तुझ्या मरणावरही मी एक खोटं चढवलं, आणि ते इतकं सहज जमलं की माझी मलाच किळस आली.

गेलेल्या माणसाबद्दल चार बऱ्या ओळी लिहाव्यात अशी रीत आहे. मी तर पोटासाठीच लिहिणारा. तहसील कचेरीच्या ओट्यावर बसून लोकांचं मराठी गाऱ्हाणं सरकारच्या उर्दूत उतरवून देतो. तुझ्याबद्दल लिहायला तीनदा बसलो. तिन्ही वेळेला दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला तो एक कागद आडवा आला. म्हणून आता लोकांसाठी लिहीत नाही, तुलाच लिहितो. तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. त्याचाच तर मी फायदा घेतला.

सरकारी नकाशात ते राखीव रान होतं आणि तू त्याचा चौकीदार. आपल्या गावाला ते उंबरदरा म्हणूनच माहीत. खालच्या अंगाला सीताफळीची जाळी, मग धावडा, अंजन, सालई, आणि अगदी वर, कातळाच्या कुशीत, झऱ्यावर वाकलेले ते सात-आठ थोराड उंबर. भर उन्हाळ्यात सगळा बालाघाट भाजून निघालेला असताना तिथं पाय ठेवला की अंगावर काटा यायचा इतका गारवा. त्या झऱ्याचं पाणी ओढ्यात यायचं आणि ओढ्याकाठच्या पाच गावांच्या विहिरी त्यावर तगायच्या. तू मला एकदा कातळाला कान लावायला सांगितलं होतंस. "ऐक बे," म्हणालास, "आत चाललंय बघ." मला काही ऐकू आलं नव्हतं. मी मान डोलवली, कारण तुझा चेहरा इतका खुलला होता की नाही म्हणवेना.

गावात तुला लोक भीत नसत, पण रानात भीत. तुझ्या सख्ख्या मेव्हण्यानं घराच्या आढ्यासाठी धावडा तोडला, तर तू त्याला कुऱ्हाडीसकट चौकीवर नेऊन बसवलंस. गंगूवहिनी चार दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. मी समजूत घालायला आलो तेव्हा तू म्हणालास, "मेव्हणा घरी, आप्पा. रानात मेव्हणा न्हाई." आणि मग स्वतःच्या गोठ्याचं एक लाकूड काढून त्याच्या आढ्याला दिलंस. गोठा वर्षभर एका अंगाला कलला होता.

आता नागूचं सांगतो. तिच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही, आणि तिच्या नावाआड मी बरीच वर्षं लपलो आहे.

माझी धाकटी बहीण नागू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मूल आडवं आलं. सुईणीनं हात टेकले आणि म्हणाली, केजच्या दवाखान्यात न्या. आषाढ होता, गाडवाट चिखलात बुडालेली. तू, तुझे दोघे भाऊ आणि मी, चौघांनी बाज खांद्यावर घेतली आणि उंबरदऱ्याच्या कडेनं घाट उतरायला लागलो. उतरणीला सगळा भार पुढच्यांवर येतो. पुढं तू होतास. तुझ्या भावांनी दोनदा खांदा बदलायला मागितला, तू दिला नाहीस. पाऊलवाट वळते तिथं नागूचं कण्हणं थांबलं. मला वाटलं, डोळा लागला. तू काही वेळ तसाच चालत राहिलास आणि मग मागं न बघता म्हणालास, "आप्पा, बाज खाली ठिवू."

त्या वाटेवर सडक हवी, हे माझ्या मनानं तेव्हाच घेतलं. पुढं खरंच बातमी आली की सरकार घाटातून सडक काढणार. मी आनंदानं गावी आलो. पण सरळ सडक काढायची तर उंबरदरा मधोमध चिरावा लागणार, हे तुला माझ्याआधी कळलं होतं.

तुझ्या अंगणात आपण भांडलो. मी म्हणालो, सडक असती तर नागू जगली असती.

"जगली आसती," तू म्हणालास. "मी सडक नगं म्हणतोय का? माळावरनं न्या म्हणतो."

"माळावरून दोन कोस लांब पडतं."

"दोन कोसानं बैल मरत न्हाई, आप्पा. झरा मेला तर पाच गावं उठतील."

तेव्हा मी ते बोललो. "तुला माणसांपेक्षा झाडं जवळची आहेत." ज्याच्या खांद्यावर नागू गेली त्याला मी हे म्हणालो. तू उठलास, गाईला पाणी दाखवलंस, आणि गाईकडेच तोंड करून उभा राहिलास. ते भांडण तिथंच राहिलं. मी ते शब्द मागं घेतले नाहीत. घेईन घेईन म्हणत राहिलो, जसं माणूस परड्यातलं एखादं काम उद्यावर टाकतो.

पुढं तामिरातीची, म्हणजे सरकारच्या बांधकाम खात्याची, माणसं आली. साखळ्या टाकून मोजणी झाली, सीताफळीच्या जाळीत तांबडी निशाणं उभी राहिली. रयतेची काही हरकत असेल तर लेखी कळवावी, असा हुकूम निघाला. पाच गावांनी तुला पुढं केलं आणि तू केजला माझ्या ओट्यावर आलास. एवढं अंतर चालून आलेला, पायांत धुळीचे मोजे घातल्यासारखा. भांडणाची सावलीही तोंडावर नव्हती. "तुझ्याबिगर कोन लिव्हनार?" म्हणालास.

तू यायच्या दोनच दिवस आधी कचेरीतला एक अंमलदार ओट्यावर येऊन आम्हा अर्जनविसांना सुनावून गेला होता. सडकेच्या विरोधातला कागद ज्याच्या हातचा दिसेल, त्यानं उद्यापासून दुसरी जागा बघावी. एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. पान खात खात सांगितलं आणि आत गेला.

तू उकिडवा बसून सांगायला लागलास. मला ते अजून अक्षर न् अक्षर पाठ आहे. "लिव्ह. सडक आमाला पायजे हाय. पर उंबरदऱ्यातून न्यायला आमची हरकत हाय. हितला झरा पाच गावांचा हाय. झाडं गेली की झरा जातो, हे आमी शेजारच्या दऱ्यात बघितलंय. माळावरनं वाट हाय, मी सोता चालून दावतो. सायबानं एकडाव यावं."

इतकं नेटकं गाऱ्हाणं मला वर्षानुवर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मला फक्त त्याचं उर्दू करायचं होतं. मी बोरू बुडवला आणि लिहिलं की सडक सरकारच्या मर्जीप्रमाणे उंबरदऱ्यातून काढण्यास रयत राजी आहे, फक्त देवाच्या ठाण्याची चार झाडं राखली जावीत एवढी विनंती.

तू म्हणालास, "वाचून दाव."

धोंडू, इथंच मला थांबता आलं असतं. चुकलं म्हणून कागद फाडता आला असता. मी तो कागद डोळ्यांसमोर धरला आणि तू बोलला होतास तेच तुला परत ऐकवलं. हरकत, झरा, पाच गावं, माळ, सगळं. मध्ये एकदा अडखळल्यासारखंही केलं, वाचतोय असं वाटावं म्हणून. तू खूश झालास. "झ्याक लिव्हलंस," म्हणालास, आणि अंगठा पुढं केलास. त्याला शाई मी लावली. कागदावर दाबला तोही मीच.

बरीच वर्षं मी स्वतःला समजावलं की हे नागूसाठी केलं. तिच्यासारखी दुसरी कुणी बाजेवर जाऊ नये म्हणून. ते खोटं आहे. सडक माळावरून गेली असती तरी नागूसारखी वाचली असती, हे तू मला अंगणात समजावून सांगितलं होतंस आणि मला समजलंही होतं. मी ते ओट्यासाठी केलं. सावलीतली जागा, कचेरीच्या भिंतीला टेकायला मिळतं, येणाजाणारे 'मुन्शीजी' म्हणतात, त्यासाठी.

मग तामिरातीचा साहेब पाहणीला रानात आला. कागद माझ्या हातचा म्हणून मलाही बोलावून नेलं होतं. पाच गावची माणसं सीताफळीच्या जाळीपाशी जमली होती. तू धुतलेला सदरा घातला होतास. साहेबानं कागद उघडला आणि जरा चकित होऊन म्हणाला, "तुम लोगाँ तो राजी हैं. फिर ये मजमा कायकू?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. साहेबानं कागद मोठ्यानं वाचला. दख्खनी उर्दू ऐकून सगळ्यांना समजत होती. वाचून झाल्यावर त्यानं तुला विचारलं, "ये अंगूठा तुम्हाराच है ना?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी जमिनीत ठोकलेल्या एका खुंटीकडे बघत होतो. तिच्या डोक्याला चुना लावला होता आणि त्यावर एक मुंगळा चढत होता. इतकं स्पष्ट मला दुसरं काही आठवत नाही.

"अंगठा माजाच हाय, सरकार," तू म्हणालास. "सांगताना माजंच काई चुकलं आसंल. आता तोंडानं सांगतो, तेवडं ऐका. आन वर चला."

तो साहेब वाईट माणूस नव्हता. बूट चिखलात घालत तो तुझ्यामागं झऱ्यापर्यंत चढला. तू त्याला काय सांगितलंस ते मला माहीत नाही, मी खालीच थांबलो होतो. परत आला तेव्हा त्याची बाही ओली होती. त्यानं वरची निशाणं काढायला लावली. झरा आणि उंबर असलेला वरचा अर्धा भाग सुटला. खालच्या अर्ध्याबद्दल मात्र तो म्हणाला, "पहलेच ऐसा लिख के देते तो माळ का रास्ता नापते. अब ऊपर से मंजुरी आ गई."

हे तो तुला म्हणाला. ऐकायचं होतं मला.

पुढचे दोन महिने मी गावाकडे फिरकलो नाही. तोड चालू होती. येणारे लोक सांगत की धावड्यावर कुऱ्हाड उसळते, मजूर शिव्या देतात, आणि मोर गावाच्या उकिरड्यावर येऊन बसतात. आणि मग तुझी नोकरी गेली. जंगल खात्यानं विचारलं, ज्याला राखायला ठेवला त्यानंच तोडीला लेखी कबुली कशी दिली? कागदावर तुझा अंगठा होता. तू वर जाऊन भांडलास, अर्धं रान सोडवलंस, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. मला ते लिहिता आलं असतं. खात्याला एक ओळ पाठवायची होती, की चूक लिहिणाराची आहे. मी मनात तिचा मजमूनही तयार केला होता. चांगला होता.

तू त्याच सडकेवर खडी फोडायला लागलास.

एकदा मी छकड्यातून गावाकडे येताना तू कडेला बसलेला दिसलास. डोक्याला फडकं, पापण्यांवर पांढरी धूळ. मी गाडी थांबवली नसती, पण तू हात केलास.

"राम राम, आप्पा. केजहून किती येळ लागला?"

"दुपारच्या आत पोचलो."

"बरं झालं," तू म्हणालास. "बाळंतिणीला नेता येतंय आता."

मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिलो, टोमणा सापडतो का ते. नव्हता. मला वाटलं, याला कळलेलंच नाही. आपल्या सांगण्यातच चूक झाली असं हा खरंच समजतो. लाज वाटायच्या जागी मला हायसं वाटलं, धोंडू. त्या हायसं वाटण्याची लाज मला आता सगळ्यात जास्त वाटते.

दर वर्षी सीताफळं पिकली की तू आमच्या आईला एक पाटी आणून द्यायचास. खालची जाळी गेल्यावरही वरच्या रानातली आणत राहिलास, शेवटच्या वर्षापर्यंत. आई म्हणायची, धोंडूसारखा दुसरा लेक असता तर! मी समोर बसून फळ खात असे. गोड असायचं.

तुझा खोकला वाढल्याचं कानावर आलं होतं. येतो येतो म्हणत राहिलो. मग एका बाजारच्या दिवशी गावचा एक माणूस बैल विकायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, धोंडिबा गेला. समोर एक अर्ज अर्धा लिहिलेला होता. मी तो पुरा केला.

पंधराव्या दिवशी शेवटी आलो. या वेळी छकडा नव्हता. घाट पायीच चढलो. गंगूवहिनी अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, मला पाणी दिलं आणि परत सूप उचललं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. सगळं. कागदावर काय लिहिलं आणि वाचून काय दाखवलं.

वहिनींनी पाखडणं थांबवलं नाही. "ठावं हाय," म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच दिशी. सायेब गेल्यावर घरी आले, हातपाय धुतले आन म्हनले, आप्पानं दुसरंच लिव्हलंय."

"मग मला विचारलं का नाही त्यानं?"

"मी म्हनलं, जावा आन चांगलं झाडा त्यास्नी. तर म्हनले, त्याचं तोंड बघितलंस का? मढ्यावानी झालतं. आता त्याला इचारून तुटायचं रान उभं ऱ्हानार हाय का?" वहिनींनी सुपातला एक खडा वेचून टाकला. "पर लई लागलं व्हतं त्यास्नी. तुमच्या वट्यावर परत कवा आले का? आठवा."

मी आठवलं. तू केजला बाजाराला यायचास, जंगल खात्याकडे नोकरीसाठी खेटे घालायलाही आला होतास. माझ्या ओट्याकडे एकदाही वळला नव्हतास. आईला सीताफळं द्यायचास ती गावच्या घरी, मी नसताना. मी ते कधी जुळवून बघितलं नव्हतं. म्हणजे तू मला माफ केलं नव्हतंस. फक्त उघडं पाडलं नव्हतंस. हे कळलं तेव्हा का कोण जाणे, पायांना जमीन लागल्यासारखं वाटलं.

वहिनींकडूनच कळलं की आता वरच्या रानावर संकट आहे. सडकेच्या डागडुजीला दगड हवा म्हणून ठेकेदार झऱ्याच्या कातळापर्यंत गाडवाट पाडतो आहे. जाळी तोडून चाकोरी अर्ध्यावर आलीही होती. मी घाईनं म्हणालो, "वहिनी, मी आजच अर्ज लिहितो. तुमच्यासमोर लिहितो. खाली माझं नाव घालतो."

"नगं, आप्पा."

त्या रागानं बोलल्या नाहीत. लेकरानं जड घागर उचलायला घेतली की आपण जसं म्हणतो, तसं म्हणाल्या. "दुसऱ्या मुन्शीकडून लिव्हून घेतलाय. मास्तराकडून वाचूनबी घेतला, दोनदा. तुमी वाईट वाटून घेऊ नगा."

माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. लिहिणं सोडून मला काही येत नाही. मी तिथंच उभा राहिलो. वहिनींनी सूप झटकलं आणि आत जाता जाता म्हणाल्या, "उद्या सकाळी समदे वर जानार हायेत. गाडवाट दगडाची भित घालून अडवायची हाय, अर्जाचा हुकूम येस्तोवर. यायचं तर या."

मी गेलो. पंचवीस-तीस माणसं असतील, बाया जास्त. तुझा मेव्हणाही होता, तोच, धावडा तोडलेला. ओढ्यातले दगड हातोहात वर चालले होते. मी रांगेत शिरलो. कुणी जागा केली नाही आणि कुणी हटकलंही नाही. बोरू धरणारे हात, तासाभरात सालटी निघाली. गंगूवहिनी वर भिंतीपाशी होत्या, पदर खोचून. मी एक दगड नेला, तर म्हणाल्या, "ह्यो न्हाई. थोरला आना." थोरला नेला. "हितं न्हाई, तितं." तिथं ठेवला. तो हलत होता, त्यांनी पायानं दाबून बसवला.

उन्हं वर आल्यावर ठेकेदाराच्या तीन गाड्या आल्या. गाडीवानांनी भिंत बघितली, आम्हाला बघितलं. एकानं बैल सोडून सावलीत बांधले, बिडी ओढली, परत जुंपले. "उद्या मुकादमाला घिऊन येतो," म्हणाला.

"आमीबी येतो," वहिनी म्हणाल्या.

त्या 'आमी'त मी धरला होता का, ते त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीचं दार उघडायच्या वेळी मी वर दगड उचलत होतो. मुकादम आला, ओरडला, गेला. हुकूम अजून आलेला नाही. भिंत उभी आहे, आता छातीइतकी झाली आहे. एक बाजू कच्ची आहे, ती मी रचलेली. वहिनी म्हणतात, पाडून परत रचा.

उद्या पाडणार आहे.